अपराधांच्या मराठी संज्ञा : लक्षण आणि दोष

(१)

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ या अधिनियमाने घेतली आहे. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ती ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे ३०२वे कलम आता १०३वे झाले. ज्या ४२० या अंकाने मराठीत ठकबाजीचे विशेषण म्हणून कायमचे घर केले, तो अंक कायद्यातून गेला आणि त्याचा विषय ३१८व्या कलमात समाविष्ट झाला. अंक असे बदलले तरी अपराधांच्या मुख्य व्याख्या बहुतांशी पूर्वीच्याच आहेत, आणि त्या व्याख्यांना दिलेली मराठी नावेही पूर्वीचीच आहेत. ग्रंथांतून कलमांचे अंक आता बदलावेच लागणार आहेत. तेव्हा त्याच निमित्ताने या नावांचीही एकदा परीक्षा व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही परीक्षा कायदेपंडिताची नाही, भाषाभ्यासकाची आहे. न्यायालयात निर्णय होतो तो व्याख्येवरून, नावावरून नव्हे, हे उघड आहे. तथापि व्याख्या वाचणारे थोडे असतात आणि नाव ऐकणारे सर्व असतात. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. पोलीस ठाण्यातील फिर्याद मराठीत लिहिली जाते आणि वृत्तपत्रांतील बातमीही मराठीतच येते. सामान्य मनुष्यापर्यंत कायदा पोहोचतो तो संज्ञेच्या रूपाने. संज्ञेने त्याची समजूत चुकीची करून दिली, तर पुढची अचूक व्याख्या त्याच्या उपयोगी पडत नाही. कारण तो व्याख्येपर्यंत जातच नाही.

परीक्षेचे निकष शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लक्षणाचे अव्याप्ति, अतिव्याप्ति आणि असंभव असे तीन दोष आपल्या नैयायिकांनी सांगून ठेवले आहेत. गाईचे लक्षण ‘कपिल वर्णाची’ असे केले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ति. ‘शिंगे असलेली’ असे केले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ति. ‘एक खूर असलेली’ असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. संज्ञा म्हणजे संपूर्ण लक्षण नव्हे, हे खरे. परंतु मराठीतील कायद्याच्या संज्ञा बहुधा सामासिक व अन्वर्थक आहेत. त्या स्वतःच एक लहानसे लक्षण सांगतात. म्हणून त्यांना हे निकष लावणे अन्यायाचे होणार नाही.

(२)

प्रथम मूळ संज्ञेचाच विचार करू. कायद्याच्या मराठी पाठात ‘अपराध’ हा शब्द येतो. व्यवहारात ‘गुन्हा’ चालतो. ‘अपराध’ या शब्दाच्या मुळाशी चुकणे, नेम हुकणे ही कल्पना आहे. ज्याचा बाण लक्ष्याला लागला नाही अशा धनुर्धराविषयी संस्कृतात ‘अपराद्ध’ हे पद योजतात. ‘गुन्हा’ हा फारसी ‘गुनाह’चा मराठी अवतार असून त्याचा मूळ अर्थ पाप असा आहे. एका शब्दात चूक आहे व दुसऱ्यात पाप. दोहोंचा रोख करणाऱ्याच्या वर्तनाच्या बरेवाईटपणाकडे आहे. कायद्याची मूळ कल्पना मात्र याहून कोरडी आहे. ज्या गोष्टीला कायद्याने शिक्षा सांगितली ती गोष्ट म्हणजे अपराध, एवढेच तो म्हणतो. कृत्य घडले त्या वेळी अंमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असल्याशिवाय कोणालाही दोषी ठरवता येत नाही, हे तत्त्व संविधानाच्या २०व्या अनुच्छेदात आहे. अत्यंत निंद्य कृत्य अपराध नसू शकते आणि अगदी क्षुल्लक वाटणारे कृत्य अपराध असू शकते.

अपराध सिद्ध होण्यास सामान्यतः दोन अंगे लागतात : बाह्य कृती आणि त्या कृतीमागील मनाची अवस्था. संहितेने मनाच्या अवस्थेचे एकच सर्वसाधारण सूत्र दिलेले नाही. ‘अप्रामाणिकपणे’, ‘कपटाने’, ‘इच्छापूर्वक’, ‘जाणीव असताना’ अशा क्रियाविशेषणांनी आणि पदसमूहांनी ती अवस्था प्रत्येक व्याख्येत निरनिराळी गुंफलेली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता, फौजदारी कायद्याचा सारा भार क्रियापदापेक्षा क्रियाविशेषणावर आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी आपली रोजची मराठी सैल पडते. ‘हेतू’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो : कृत्य करण्यामागील प्रेरणा, आणि कृत्यातून जे घडवून आणावयाचे त्याचा संकल्प. भुकेल्या मुलासाठी पाव चोरणाऱ्याची प्रेरणा दया ही आहे. संकल्प मात्र दुसऱ्याचा पाव त्याच्या संमतीवाचून घेण्याचा आहे. कायदा अपराध ठरवताना संकल्प पाहतो. प्रेरणेचा उपयोग पुराव्याच्या मूल्यमापनात किंवा शिक्षेचे प्रमाण ठरविताना होतो. संकल्पासाठी ‘उद्देश’ व प्रेरणेसाठी ‘हेतू’ अशी वाटणी लेखकांनी कटाक्षाने पाळली, तर ‘त्याचा हेतू वाईट नव्हता’ हा बचाव कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही, हे वाचकास आपोआप कळू लागेल.

(३)

मालमत्तेविरुद्धच्या अपराधांत मराठी संज्ञांची एक चढती श्रेणी दिसते : चोरी, जबरी चोरी, दरोडा. प्रथमदर्शनी ही श्रेणी आदर्श वाटते. मूळ पद ‘चोरी’. त्यास ‘जबरी’ हे विशेषण लागले की पुढची पायरी. आणि त्याहून वरची पायरी ‘दरोडा’. परंतु व्याख्या समोर ठेवून पाहता श्रेणीचे तिन्ही दुवे सारखे बळकट नाहीत, असे आढळून येते.

चोरीच्या व्याख्येत पाच घटक आहेत : अप्रामाणिक उद्देश, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा कब्जा, त्याच्या संमतीचा अभाव, आणि वस्तू हलविणे. वस्तू कायमची नेली पाहिजे, असे त्यात कोठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली प्यारेलाल भार्गव खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. सरकारी कचेरीतील एक नस्ती एका दिवसापुरती बाहेर नेऊन परत ठेवण्यात आली होती. तरी ती चोरी ठरली. रोजच्या मराठीत अशा कृत्यास कोणी चोरी म्हणणार नाही. तात्पर्य, कायद्याची ‘चोरी’ लोकभाषेतील चोरीपेक्षा विस्तृत आहे. उलट, रस्त्यावर सापडलेले पाकीट खिशात घालणे हे लोकांच्या दृष्टीने चोरीच्या जवळचे आहे. पण ते पाकीट कोणाच्याच कब्जात नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती चोरी नाही, झालाच तर तो अपहार होतो.

‘जबरी चोरी’ या संज्ञेचा दोष अधिक गंभीर आहे. समासाच्या रचनेप्रमाणे पाहिले तर जबरी चोरी हा चोरीचाच एक प्रकार झाला पाहिजे. व्याख्या मात्र सांगते की जबरी चोरीत एकतर चोरी असते किंवा बलाद्ग्रहण असते. या दोहोंतील भेद मूलगामी आहे. चोरीत वस्तू घेतली जाते. बलाद्ग्रहणात भीती घालून ती धन्याकडूनच देवविली जाते. निर्जन रस्त्यावर एखाद्याने चाकू रोखून ‘घड्याळ काढून दे’ असे म्हटले आणि वाटसरूने थरथरत्या हाताने ते काढून दिले, तर येथे चोरी मुळीच झालेली नाही. झाले ते बलाद्ग्रहण. आणि समोर उभे राहून तत्काळ इजेचे भय घातल्यामुळे त्याची जबरी चोरी झाली. म्हणजे जीमध्ये चोरी नाही अशीही एक ‘जबरी चोरी’ असते. संज्ञेने अपराधाचा अर्धा भाग बाहेर टाकला. ही अव्याप्ति होय. ‘बलाद्ग्रहण’ हा शब्दही लोकांच्या तोंडी बसलेला नाही; वृत्तपत्रे त्याऐवजी ‘खंडणी’ लिहितात. खंडणी म्हटले की पुष्कळदा ठरावीक, वारंवार वसूल होणारी रक्कम मनात येते. एकदाच धमकावून उकळलेल्या शंभर रुपयांस तो शब्द मोठा होतो.

आपल्या परंपरेत हा भेद अपरिचित नव्हता, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धन्यासमक्ष बळाने केलेल्या कृत्यास ‘साहस’ आणि त्याच्या परोक्ष केलेल्या अपहरणास ‘स्तेय’ असे वेगळे म्हटले आहे. समक्षता व बळ ही दोन व्यावर्तक लक्षणे तेथे एकत्र आली आहेत, आणि साहस हा स्तेयाचा पोटप्रकार नसून स्वतंत्र पदार्थ मानला आहे. पुढे मराठीत ‘साहस’ शब्दाचा अर्थ पालटून तो गुणवाचक झाला. आज गिर्यारोहण हे साहस आहे. त्यामुळे तो शब्द परत आणण्याचा विचारही कोणी करू नये. परंतु ‘समक्ष’ हे लक्षण संज्ञेत असावे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

‘दरोडा’ या संज्ञेत दोष उलट बाजूचा आहे. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरी चोरी केली किंवा करण्याचा प्रयत्न केला, तर तो दरोडा. रात्रीची वेळ, घर फोडणे, शस्त्र, लुटीची रक्कम यांपैकी कशाचाही व्याख्येशी संबंध नाही. केवळ संख्येचा आहे. आणि हजर राहून साहाय्य करणाराही त्या संख्येत धरला जातो. वृत्तपत्रांत मात्र दोघा बुरखाधाऱ्यांनी पेढी लुटली तरी ‘पेढीवर दरोडा’ असा मथळा येतो. लोकभाषेतील दरोडा मोठ्या लुटीचा वाचक आहे, कायद्यातील दरोडा मोठ्या जमावाचा. येथे दोष संज्ञा ठरविणाऱ्यांचा म्हणता येत नाही. रूढ शब्दाला शास्त्रीय अर्थ दिला की हा धोका राहतोच. अशा वेळी पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने व्याख्येआधी रूढार्थ आणि शास्त्रार्थ यांतील अंतर दाखवून द्यावयास हवे. आमच्या पाहण्यातील बहुतेक पाठ्यपुस्तकांत ते केलेले नाही.

याच प्रकरणात भाषा कायद्याच्या पुढे असल्याचे एक उदाहरण आहे. मराठीत ‘चोरणे’ आणि ‘हिसकावणे’ ही दोन क्रियापदे फार पूर्वीपासून निराळी आहेत. पहिल्यात गुप्तता आहे, दुसऱ्यात झटका. जुन्या संहितेला हिसकावणे हा स्वतंत्र अपराध ठाऊक नव्हता. गळ्यातील साखळी ओढून पळणाऱ्यावर चोरी लावावी की जबरी चोरी, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक वेळी उद्भवत असे. २०२३च्या संहितेने ३०४व्या कलमात तो अपराध वेगळा काढला. लोकांच्या क्रियापदाने केलेला भेद कायद्याने अखेर मान्य केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

(४)

मनुष्यदेहाविरुद्धच्या अपराधांत ‘सदोष मनुष्यवध’ आणि ‘खून’ ही जोडी सर्वपरिचित आहे. आणि बहुधा सर्वाधिक गैरसमजही तिच्याविषयीच आहे. ‘हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध आहे’ असे वाक्य बातम्यांतून वारंवार येते. त्यावरून वाचकाची समजूत अशी होते की हे दोन परस्परांबाहेरील वर्ग आहेत. वस्तुतः सदोष मनुष्यवध हे सामान्य आहे व खून हा त्याचा विशेष. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली रायावरपू पुन्नय्या खटल्यात हा संबंध निःसंदिग्धपणे मांडला : प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. बातमीदाराला जे म्हणावयाचे असते त्याचे पूर्ण नाव ‘खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध’ असे आहे. लांबी वाचविण्यासाठी पहिली चार पदे गळतात आणि त्यांच्याबरोबर वर्गीकरणच गळून जाते.

शिवाय ‘सदोष’ या विशेषणाचा आजचा अर्थ पाहावा. सदोष यंत्र, सदोष मतदारयादी, सदोष उच्चार : सर्वत्र अर्थ ‘ज्यात उणीव राहिली आहे असे’ हाच आहे. मग सदोष मनुष्यवध म्हणजे नीट न साधलेला मनुष्यवध काय? प्रश्न विनोदी वाटेल, पण विद्यार्थ्यांच्या मनात तो येतो. संज्ञा करणाऱ्यांना ‘दोष’ म्हणजे ठपका अभिप्रेत होता. वाचक ‘दोष’ म्हणजे वैगुण्य असे समजतो. ‘दोषास्पद’ किंवा ‘दोषार्ह’ हे विशेषण घेतले असते तर हा घोटाळा टळला असता.

या दोन वर्गांतील सीमारेषा किती बारीक आहे आणि तिच्यावर किती अवलंबून असते, हे नानावटी खटल्याने मुंबईकरांना दाखवून दिले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे अधिकारी कावस माणेकशा नानावटी यांच्या पिस्तुलातील गोळ्यांनी एका व्यापाऱ्याचा मृत्यू झाला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपी दोषी नसल्याचे सांगितले. ते मत न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने १९६० साली आरोपीस खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ हा अपवाद लागू पडला असता तर तोच मृत्यू खुनाच्या सदरातून बाहेर आला असता. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांमध्ये सुमारे तीन तास गेले होते. मन ताळ्यावर येण्यास तेवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. ‘आकस्मिक’ या एका विशेषणाच्या अर्थावर एका मनुष्याचे आयुष्य तोलले गेले. त्या वेळी रस्त्यारस्त्यांवर चाललेल्या वादात मात्र प्रश्न ‘त्याने केले ते योग्य की अयोग्य’ असा होता. म्हणजे लोक ‘गुन्हा’ या शब्दाच्या मूळ अर्थाने बोलत होते आणि न्यायालय व्याख्येतील विशेषणाविषयी.

(५)

अपराध पूर्ण होण्यापूर्वी चार अवस्था सांगतात : उद्देश, तयारी, प्रयत्न, कृत्य. सामान्यतः पहिल्या दोन अवस्था दंड्य नाहीत, तिसरी दंड्य आहे. म्हणून तयारी कोठे संपते व प्रयत्न कोठे सुरू होतो, हा कायद्यातील कठीण प्रश्न आहे. मराठी संज्ञेने तो अधिक कठीण केला आहे. आपल्या भाषेत ‘प्रयत्न’ हा दीर्घ व्यापार आहे. ‘घर बांधण्याचा प्रयत्न चालू आहे’ असे आपण जागा पाहण्यापासून म्हणू लागतो. तयारी ही प्रयत्नाच्या पोटातच असते. कायद्याचा प्रयत्न तयारी संपल्यावर सुरू होतो. ही अतिव्याप्ति झाली.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवल्यास भेद लक्षात येईल. १९६८ सालच्या मलकियत सिंग खटल्यात भाताची पोती भरलेली मालमोटार दिल्लीच्या दिशेने जाताना तेव्हाच्या पंजाबातील समालखा येथे अडविण्यात आली होती. प्रांताची हद्द अद्याप दूर होती. वाटेत विचार बदलणे शक्य होते. म्हणून ती केवळ तयारी ठरली. १९८० सालच्या महंमद याकूब खटल्यात चांदीच्या लगडी घेऊन मोटारी रात्री वसईच्या खाडीकाठी पोहोचल्या होत्या, माल उतरविणे सुरू झाले होते आणि खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज ऐकू येत होता; तो निर्यातीचा प्रयत्न ठरला. मराठी बोलणारा मनुष्य दोन्ही ठिकाणी ‘प्रयत्न’ हाच शब्द वापरील. येथे मी पर्यायी संज्ञा सुचवू इच्छीत नाही. ‘प्रयत्न’ हा शब्द आता हलविता येणार नाही. परंतु शिकविताना ‘प्रयत्नास लागणे’ आणि ‘कृत्यास हात घालणे’ हा मराठीतील जिवंत भेद उपयोगी पडेल. कायद्याचा प्रयत्न म्हणजे कृत्यास हात घालणे.

(६)

आतापर्यंतचे वर्ग अपराधाच्या स्वरूपावरून झाले. आता प्रक्रियेवरून होणाऱ्या वर्गांकडे वळावे. ते पूर्वी १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. सामान्य नागरिकाचे खरे नुकसान होते ते येथील संज्ञांनी.

‘दखलपात्र’ व ‘अदखलपात्र’ ही जोडी घ्या. ‘दखली’, ‘बिनदखली’ अशीही रूपे आहेत. ‘पात्र’ हे उत्तरपद योग्यता दाखविते : आदरपात्र, विश्वासपात्र, दयापात्र. त्यानुसार अदखलपात्र म्हणजे जो दखल घेण्याच्या योग्यतेचा नाही असा अपराध. व्याख्या काय सांगते? ज्या अपराधात पोलीस अधिकाऱ्यास अधिपत्राविना अटक करता येते तो पहिला. जेथे करता येत नाही तो दुसरा. म्हणजे भेद पोलिसांच्या अधिकाराचा आहे, तक्रारीच्या योग्यतेचा नव्हे. अदखलपात्र अपराधाची माहितीही पोलिसांनी नोंदवहीत लिहून घ्यावयाची असते आणि माहिती देणाऱ्यास दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगावयाचे असते. दंडाधिकाऱ्याने आदेश दिल्यास पोलीस तपासही करू शकतात. फिर्यादी स्वतःही त्याच्यापुढे तक्रार मांडू शकतो. साधी दुखापत किंवा अब्रुनुकसानी या वर्गात येते. मार खाऊन ठाण्यावर गेलेल्या माणसास ‘हा अदखलपात्र गुन्हा आहे’ असे सांगितले की कायद्याच्या लेखी आपल्या माराला किंमत नाही असे समजून तो परत फिरतो. जे दार उघडे आहे ते या एका उत्तरपदाने त्याला बंद दिसते.

नव्या कायद्याने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. पूर्वी चोरी, वस्तूची किंमत काहीही असो, दखलपात्र होती. आता ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी, जिच्यात पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या इसमाने वस्तू वा तिची किंमत परत केल्यास सामुदायिक सेवेची शिक्षा आहे, ती अदखलपात्र व जामीनपात्र वर्गात घातली आहे. तरतुदीमागील दयाबुद्धी मान्य करूनही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ज्याची जुनी सायकल हेच त्याचे उपजीविकेचे साधन आहे, त्याने या शब्दाचा अर्थ ‘दखल न घेण्याजोगी चोरी’ असा घेतला, तर दोष त्याच्या अज्ञानाचा नाही.

‘अजामीनपात्र’ या संज्ञेत तिसरा दोष आढळतो. शब्दाचा अर्थ उघड आहे : ज्यात जामीन मिळू शकत नाही. पण कायदा तसे म्हणत नाही. जामीनपात्र अपराधात जामीन हा आरोपीचा हक्क आहे. अजामीनपात्र अपराधात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. खुनाच्या आरोपीसही न्यायालय जामीन देऊ शकते व देते. काही विशेष कायद्यांनी अटी फार कडक केल्या आहेत, तरी मार्ग सर्वस्वी बंद केलेला नाही. म्हणजे ज्या वर्गास ‘जामिनास अपात्र’ असे नाव दिले, त्यात शब्दार्थाने जामिनास अपात्र असा अपराध सापडत नाही. गाय सांगितली आणि तिला एकच खूर सांगितला, तसाच हा असंभव. या नावामुळे एकीकडे आरोपीचे गरीब नातेवाईक वकिलाकडे जाण्याचेच सोडून देतात, आणि दुसरीकडे अशा आरोपीस जामीन मिळाला की न्यायालयाने काही गैर केले असा लोकांचा समज होतो. दोन्ही परिणाम न्यायसंस्थेस घातक आहेत.

(७)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, असे दोष मूळ इंग्रजी संज्ञांतही आहेत. हे काही अंशी खरे आहे. ‘अजामीनपात्र’ हा मूळ शब्दाचाच पडसाद आहे. परंतु परक्या शब्दाचा दोष झाकलेला राहतो, कारण वाचक त्याच्या अवयवांचा अर्थ लावीत नाही. अन्वर्थक मराठी शब्दाचा दोष प्रत्येकास ऐकू येतो. मराठी परिभाषा सुबोध व्हावी असा आपला आग्रह असेल, तर सुबोधतेबरोबर येणारी जबाबदारीही पत्करली पाहिजे. दुसरा आक्षेप, रूढ संज्ञा बदलल्याने गोंधळ वाढेल. तोही विचारार्ह आहे. म्हणूनच सर्व संज्ञा बदलाव्यात असे येथे सुचविलेले नाही. ‘गैरलाभ’ व ‘गैरहानी’ यांसारखे शब्द उत्तम आहेत. अरबीतून आलेले उपपद आणि संस्कृत नाम यांची सांगड घालून त्यांनी व्याख्येतील नेमका आशय सांगितला आहे. ‘चोरी’, ‘खून’, ‘दरोडा’, ‘प्रयत्न’ हे शब्द लोकांचे आहेत आणि ते राहिलेच पाहिजेत. त्यांच्या बाबतीत गरज आहे ती स्पष्टीकरणाची.

बदल करावयाचा असेल तर तो प्रक्रियेच्या संज्ञांत प्रथम करावा, कारण तेथे शब्द केवळ कठीण नाहीत, ते चुकीची माहिती देतात. ‘हक्काचा जामीन’ व ‘विवेकाधीन जामीन’, तसेच ‘विनाअधिपत्र अटकेचे अपराध’ व ‘अधिपत्राधीन अटकेचे अपराध’, अशा रचना वापरून पाहण्यास हरकत नाही. त्या लांब आहेत हे मान्य. परंतु लांब शब्द ऐकून मनुष्य प्रश्न विचारतो, आणि चुकीचा आखूड शब्द ऐकून तो घरी जातो. अधिकृत पाठात हे बदल होईपर्यंत निदान पोलीस ठाण्यातील नोंदीच्या प्रतीवर, अदखलपात्र या शब्दाखाली, ‘आपण दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकता’ एवढे एक वाक्य ठळक छापले जावे.